उत्तर आल्याशिवाय वळायचं नाही

आमच्या घरात कुणी ‘डोकं!’ म्हणालं की समोरच्याने ‘खाली!’ म्हणायचं, हे आम्ही भावंडं बोलायला लागलो तेव्हाच शिकलो. नियम आईचा. शिडाच्या खालच्या कडेला जी आडवी काठी असते तिला आम्ही आडकाठी म्हणतो. पाठीवरून वारा असताना होडी वळवली की ती आडकाठी या बाजूची त्या बाजूला अशी येते की मधे डोकं असेल तर नारळ फुटावा तसं फुटेल. म्हणून सुकाणूवाल्याने वळायच्या आधी ‘डोकं!’ ओरडायचं, दुसऱ्याने वाकून ‘खाली!’ म्हणायचं आणि मगच वळायचं. वारा पडला तरी चालेल, शर्यत गेली तरी चालेल, उत्तर आल्याशिवाय वळायचं नाही. आईने तरुणपणी स्वतः चिकार शर्यती मारल्या आहेत, त्यामुळे तिच्यापुढे कुणाची टाप नव्हती. घरात स्वयंपाकघराच्या खिडकीचं दार उघडतानासुद्धा ती ‘डोकं!’ म्हणायची आणि ओट्याशी उभा असलेला माणूस ‘खाली!’ म्हणायचा. पाहुणे हसायचे.

मी शिडं शिवते. शिडं कमी आली की सोफ्यांची कव्हरं शिवते, आणि ती शिवताना लोकांच्या आवडीनिवडीबद्दल जे मनात येतं ते बोलूनही दाखवते. दादाने म्हणूनच माझं नाव टोचणी ठेवलं होतं. दादा आणि वहिनी आमची जुनी होडी घेऊन दर वर्षी दीपस्तंभाच्या दिव्याला वळसा घालायच्या शर्यतीत उतरायचे. तो दोर सांभाळायचा, ती सुकाणू. गेल्या वर्षी दिव्याजवळच्या बोयाला, त्या तरंगत्या पिंपाला, वळताना आडकाठी दादाच्या डोक्यात बसली आणि तो पाण्यात गेला. सापडला तो संध्याकाळी.

वहिनी तेव्हापासून एकच वाक्य बोलत आली. ‘‘त्याने उत्तर दिलं होतं.’’

आईही एकच बोलत आली. ‘‘उत्तर देणारा माणूस वाकलेला असतो. वाकलेल्याला लागत नाही.’’

त्यानंतर आई वहिनीशी बोलेनाशी झाली. काही सांगायचं झालं तर नातीमार्फत. ‘‘तुझ्या आईला सांग, दूध उतू चाललंय.’’ वहिनी तिथेच, दुधापासून हातभर अंतरावर. मला दोघींचाही इतका संताप यायचा की मी मशीन जोरात चालवायचे. आणि खरं सांगायचं तर माझंही धड नव्हतं. सकाळी वहिनीवर विश्वास बसायचा, रात्री उडायचा. ती खोटं बोलणारी नव्हे. पण दादा उत्तर देऊन ताठ उभा राहणारा नव्हता.

या वर्षीच्या शर्यतीच्या आदल्या आठवड्यात वहिनीच्या खोलीत दोन बॅगा भरलेल्या दिसल्या.

‘‘शर्यत झाली की पोरीला घेऊन माहेरी जाते,’’ ती म्हणाली. ‘‘कायमची. त्याआधी एकदा त्या बोयाला वळायचंय मला. त्याच होडीतून. तुझ्याशिवाय माझ्यासोबत कुणी यायचं नाही, टोचणी.’’

बरोबरच होतं. धक्क्यावर सगळे तिच्याशी गोड बोलत आणि तिच्या होडीत बसायची वेळ आली की सगळ्यांचीच कंबर धरत असे. मी हो म्हटलं. मला वहिनी घरात हवी होती, भाची घरात हवी होती, आणि ते कसं जमवावं हे कळत नव्हतं. निदान ती एकटी तरी जायला नको, एवढंच कळत होतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून पाण्यावर पातळ धुकं होतं. आकाश आणि पाणी एकाच रंगाचं, धुतलेल्या पाटीसारखं. वारा होता, पण त्याचा आवाज नव्हता. आई नातीचा हात धरून धक्क्यावर उभी राहिली आणि होडीकडे पाहत राहिली, आमच्याकडे नाही.

सुरुवात झाली आणि होडी कुरकुरायला लागली. आधी दोर पकडणारा दातेरी चाप बोथट निघाला. दोर ताणला की सुर्रकन सुटायचा. मी तो मनगटाला दोन वेढे देऊन धरून बसले आणि वहिनीला सांगितलं, वर्षभर होडीला नुसतं पुसत बसलीस, चाप कोण बघणार होतं? ती हसली. वर्षात पहिल्यांदा हसली असेल. तरी आम्ही पहिल्या पाचात होतो. सगळ्यांच्या पुढे दातांचे डॉक्टर, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र नव्या होडीत. त्यांना आम्ही दातकाढे म्हणायचो, त्यांच्या धंद्यामुळे आणि पुढे गेल्यावर ते मागे वळून जे हसायचे त्यामुळेही.

मग शिडाची शिवण उसवायला लागली. माझी शिवण! महिन्यापूर्वी मी स्वतः दुहेरी टाका घातलेली. दोरा कुजलेला नव्हता, तुटलेलाही नव्हता. टाका टाक्यातून निघत होता, कुणी बसून उसवावा तसा. मला भीती वाटायच्या आधी अपमान वाटला. मी पिशवीतून जाडी सुई आणि मेणदोरा काढला, आडकाठीशेजारी गुडघ्यांवर बसले आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या कापडात टाके घालू लागले. दुसरी सुई दातात धरली होती.

‘‘डोकं!’’ वहिनी मागून ओरडली. तिच्या आणि माझ्यामधे शीड होतं.

मी सुई काढायला हात वर नेला.

‘‘खाली!’’

होडी वळली. आडकाठी माझ्या केसांना चाटून गेली. मी शिवायला वाकलेली होते म्हणून वाचले, एवढंच.

सुई माझ्या दातातच होती. ओठ तिच्यावर मिटलेले. आणि तो आवाज माझा होता. माझ्यासारखा नव्हे, माझाच. ‘खाली’मधला ‘ली’ मी जसा ओढते तसाच ओढलेला, शेवटी जरासा चिडका.

मी शिडाखालून रांगत मागे गेले आणि वहिनीवर खेकसले. ‘‘उत्तर न घेता वळलीस?’’

शब्द तोंडातून गेले आणि कळलं, हे आईचे शब्द आहेत. वहिनीचा चेहरा पांढरा पडला.

‘‘तू दिलंस ना उत्तर.’’

‘‘माझ्या तोंडात सुई होती, वहिनी.’’ मी सुई काढून तिला दाखवली.

तिने सुईकडे पाहिलं. होडी आपली चालत होती. मग ती इतक्या हळू बोलली की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

‘‘त्याच्या दातात दोर होता.’’

‘‘काय?’’

‘‘अडकलेला दोर सोडवत होता. एक टोक दातात धरलं होतं. पडताना शिडाखालून मला त्याचं तोंड दिसलं. दोर दातातच होता. मग बोलला कसा? हे मी कुणाला सांगितलं नाही, टोचणी. सांगितलं असतं तर माझंच खोटं ठरलं असतं. आताशा मलाच वाटायला लागलं होतं की उत्तर आलंच नव्हतं. मीच मनात ऐकलं आणि मीच त्याला मारलं.’’

मी तिला मिठी मारली असती, पण एका हातात दोर होता. माझं अंग गार पडलं होतं आणि त्याच वेळी छातीवरचा एक धोंडा उतरला होता. ती खरं बोलत होती. वर्षभर ती खरं बोलत होती आणि आम्ही तिला एका घरात ठेवून वाळीत टाकलं होतं.

शहाण्या माणसाने तिथूनच होडी परत फिरवली असती. पण परत फिरायचं म्हणजेही वळायचं होतं. शिवाय दातकाढे चार हातांवर आले होते आणि आमच्या घराण्यात शहाणपण कधीच उतू गेलेलं नाही.

‘‘आता तोंडाने काही नाही,’’ मी म्हटलं. ‘‘मी मागे येऊन तुझ्या गुडघ्यावर हात ठेवीन. हात असेल तरच वळ. कुणीही काहीही बोललं तरी.’’

‘‘आणि तू येऊ शकली नाहीस तर?’’

‘‘तर वळू नकोस.’’

दिव्याचा बोया धुक्यातून बाहेर आला. त्याच्यावर शेवाळ होतं आणि एक पक्षी बसला होता, तो आम्ही जवळ गेलो तरी उडाला नाही. मी वहिनीच्या पायाशी बसून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ‘डोकं’ कुणीही म्हटलं नाही.

‘‘खाली!’’ माझा आवाज डोलकाठीपाशी म्हणाला.

तिथे कुणी नव्हतं. ओली फळी होती आणि दोराचं वेटोळं. आम्ही दोघी वाकलो, वळलो, आणि बोया मागे पडला. वहिनीने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ज्या बोयासाठी ती आली होती तो पाहायचा राहूनच गेला.

मला तेव्हा एक गोष्ट सुचली आणि अजूनही माझ्याकडे त्याहून बरं उत्तर नाही. त्या होडीने आईच्या तरुणपणापासून इतकी वर्षं रात्रंदिवस हे दोनच शब्द ऐकले होते. घरात पाळलेला पोपटसुद्धा शिकला असता.

परतीच्या वाटेवर वारा थेट पाठीवर आला आणि आमची जुनी होडी अशी पळाली की मी भीती विसरून मोठ्याने ओरडले. दातकाढ्यांना आम्ही गाठलं. दोन्ही होड्या इतक्या जवळ होत्या की त्यांच्या टोपीवरचा डाग दिसत होता. शर्यतीची शेवटची रेघ म्हणजे दोन लाल बोयांमधली जागा. तिच्याकडे जायला एक शेवटचं वळण घ्यायचं होतं. जो आधी वळेल तो जिंकेल, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

नेमकी तेव्हाच आडकाठी डोलकाठीला जिथे जोडलेली असते तिथली खीळ निघाली. खट्ट आवाज झाला, पाण्यात टपकन काहीतरी पडलं आणि आडकाठीचं जाडं टोक मोकळं होऊन उसळायला लागलं. ते सुटलं असतं तर शीडही गेलं असतं. मी धावत पुढे गेले, टोकाला छातीने दाबलं, दोन्ही हातांनी त्याला दोराचे वेढे घालू लागले. गाठ आवळायला तिसरा हात लागतो. तो नसतो, तेव्हा माणूस दोराचं टोक दातात धरतो. मीही धरलं. धरल्यावर मग लक्षात आलं की मी कुठे उभी आहे. आडकाठी ज्या बाजूला झेपावणार त्याच बाजूला, ताठ, दातात दोर. दादासारखीच.

मला शिडापलीकडची वहिनी दिसत नव्हती. तिला मी दिसत नव्हते. ती नुसत्या सवयीने ओरडली असणार, घाईत जिभेवर तेच येतं.

‘‘डोकं!’’

‘‘खाली!’’ माझा आवाज म्हणाला. स्वच्छ, खुशीत. मी जिंकत असताना माझा जसा लागतो तसा.

मी डोळे मिटले. दोर सोडून ‘नको’ ओरडले असते तर आडकाठी निसटली असती. आणि समजा ओरडलेच असते, तर दोन आवाजांतला खरा कुठला हे तिला कोण सांगणार होतं? ती बिचारी माझ्या हाताची वाट बघत असेल, की सवयीने दांडा ढकलत असेल? एवढं कुणावर अवलंबून मी आयुष्यात राहिलेले नाही.

होडी सरळ जात राहिली.

‘‘खाली! खाली!’’ आवाज पुन्हा आला. तो आता माझ्या मागून, अगदी खांद्यापाशी येत होता. मग तो असं काही बोलला जे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ‘‘वहिनी, वळ ना! काय बघतेस? जिंकतोय आपण, वळ!’’

उजवीकडे पांढरं शीड फडफडलं. दातकाढे वळले. त्यांची होडी लाल बोयांकडे गेली आणि आमची सरळ, रेघ सोडून, धुक्यात. मागून आणखी एक होडी वळून गेली. मग आणखी एक. आवाज ओरडत होता, लाडात येत होता, रडवेला होत होता. त्याने एकदा तिला ‘राणी’ अशी हाक मारली. तसं फक्त दादा म्हणायचा. पण आवाज माझाच होता.

मी गाठ पक्की केली, दोर दातातून काढला आणि चार पायांवर रांगत मागे गेले. वहिनी सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि खालचा ओठ तिने इतका चावला होता की रक्त आलं होतं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेव्हा ती वळली.

धक्क्यावर दातकाढे वाटच पाहत होते. जिंकलेला माणूस गप्प बसला तर त्याला जिंकल्यासारखं वाटत नाही.

‘‘अहो, झालं काय तुम्हाला?’’ ते वहिनीला म्हणाले. ‘‘ही बिचारी ‘खाली, खाली, वळ, वळ’ म्हणून घसा फोडतेय, पाण्यावरून मला शब्दन्‌शब्द ऐकू येतोय, आणि तुम्ही आपल्या सरळ! हातातली शर्यत घालवलीत.’’

‘‘डॉक्टर,’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या दातात दोर होता. मी तोंडच उघडलं नव्हतं.’’ आणि मी त्यांना ओठ उचलून दात दाखवले. त्यात दोराचे धागे अडकलेले होते. दातांच्या डॉक्टरला दुसरा पुरावा काय द्यायचा? त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

आई मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मग मी तिला उरलेलं सांगितलं. सुईचं, गुडघ्यावरच्या हाताचं आणि दादाच्या दातातल्या दोराचं. वहिनी खाली मान घालून उभी होती.

‘‘दिवसभर यंत्र चालवून डॉक्टर बहिरा झालाय,’’ आई म्हणाली. ‘‘आणि तुला भावजयीचा पुळका.’’

पण नातीचा हात तिने माझ्या हातात दिला, पायरी उतरली आणि बांधलेल्या होडीपाशी जाऊन उभी राहिली. होडीत कुणी नव्हतं. शीड उतरवलेलं होतं. मग आईने आवाज लावला, तिच्या तरुणपणीचा असावा तसा.

‘‘डोकं!’’

पाणी लाकडावर हलकेच आपटलं. बाकी काही नाही.

‘‘डोकं, बाळा,’’ ती म्हणाली. या वेळी अगदी हळू. ती पारखायला गेली नव्हती. ती लेकाचा आवाज ऐकायला गेली होती.

‘‘खाली.’’

आवाज आईचा होता. म्हातारा, जरा खरखरीत, दूध उतू चाललंय म्हणून सांगणारा. आम्ही सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिने पदराचा बोळा तोंडावर गच्च दाबून धरला होता.

ती तशीच पायरीवर बसली. डॉक्टर केव्हा निघून गेले कळलंही नाही. वहिनी जवळ जाऊन उभी राहिली, पण हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

‘‘त्या दिवशी,’’ आई पाण्याकडे बघत म्हणाली, ‘‘त्याचाच आवाज होता?’’

वर्षानंतर ती वहिनीशी सरळ बोलत होती.

‘‘हो, आई.’’

‘‘अगदी त्याचाच?’’

‘‘अगदी त्यांचाच. म्हणूनच मी वळले. तुम्हीही वळला असतात.’’

आईने मान हलवली. ‘‘वळलेच असते. नियम माझाच ना.’’ मग ती रडली. दादा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्या होडीला आम्ही पुन्हा हात लावला नाही. ती अजून धक्क्याच्या टोकाला बांधलेली आहे आणि तिच्या जवळून जाताना लोक बोलणं थांबवतात, असं ऐकते.

निघताना वहिनी गाडी चालवायला बसली. आई वर्षभर मागे बसायची, खिडकीकडे तोंड करून. त्या दिवशी ती पुढचं दार उघडून वहिनीच्या शेजारी बसली. भाची माझ्या मांडीवर पेंगत होती. आमच्या फाटकापाशी रस्ता फुटतो. उजवीकडे आमचं घर आणि सरळ गेलं की बसचा थांबा, जिथून वहिनीच्या माहेरची गाडी मिळते. बॅगा मागे ठेवलेल्या होत्या. वहिनीने फाटकाशी गाडी उभी केली आणि तशीच बसून राहिली.

मग आईने वहिनीच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि वहिनी वळली.